वडापची जीप डिझेल वर्गात

आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी कुणाची निराशा नको. ही शर्यत मी जिंकले नाही. जिंकणाऱ्यांनीच प्रवासाचं लिहायचं असा नियम कुठे असेल तर दाखवा, मी वाचते. नियम वाचायची मला या प्रवासात चांगलीच सवय लागली.

पलूस ते शिरवळ हा काही सांगण्यासारखा प्रवास नव्हे, असं आमच्या शाळेतले एक सर म्हणाले. आमच्या भागातली माणसं फौजेत जाऊन आसाम बघून येतात, शिरवळचं काय घेऊन बसलीस? खरं आहे. पण ती माणसं रेल्वेत बसून गेली. मी स्टेअरिंग धरून गेले, आणि ज्या जीपनं गेले ती आमच्या घराची चूल पेटवणारी जीप होती. त्यामुळे लिहिते.

आमची जीप वडापची. लांबच्या वाचकांसाठी सांगते: एसटीची वाट बघून कंटाळलेली माणसं जिच्यात एकमेकांच्या मांडीवर बसून जातात, आणि पूर्ण भरल्याशिवाय जी हलत नाही, ती वडाप. आमची पलूस-कुंडल-ताकारी अशी चालते. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणतो, फौजेत ड्रायव्हर होते. परत आल्यावर त्यांनी ही डिझेल जीप घेतली. मी बी.एस्सी. झाले, पलूसच्या एका शाळेत गणित शिकवते, आणि रविवारी दादांच्या पाठीला आराम म्हणून वडाप चालवते. सुरुवातीला माणसं मला बघून उतरायची. आता बायका मुद्दाम माझ्या खेपेसाठी थांबतात, कारण पुढच्या सीटवर मी बायकांनाच बसवते. उतरणारे गडी अजून चालतच कुंडलला जात असतील, जाऊ देत.

तर पेपरात कोपऱ्यात चार ओळी आल्या होत्या. शिरवळजवळ मोटारींची रॅलीक्रॉस शर्यत, वेगवेगळे वर्ग, त्यात एक महिलांचा. मी पत्र पाठवून फॉर्म मागवला. फॉर्म इंग्रजीत आला. आमच्या घरात इंग्रजी फॉर्म न अडखळता भरणारी पहिली मीच, त्यामुळे विचारायचं कुणाला हा प्रश्नच नव्हता.

दादांना समजावून सांगितलं, "रॅलीत एकेक गाडी सोडून घड्याळ लावतात. यात तीन-चार गाड्या एकदम सोडतात. थोडा डांबरी रस्ता, थोडा मुरूम. गोल रिंगण. आधी गट, त्यातनं निवडलेल्यांची फायनल."

दादांनी ऐकून घेतलं. "मग ही बैलगाड्याची शर्यतच की गं. बैल तेवढं न्हाईत."

"मग जाऊ?"

"जाऊ. खरं सोमवारी सकाळी साडेसातला गाडी स्टँडवर पायजे. मोडकी न्हाई. आज हाय तशी."

एवढ्या एका अटीवर निघालो.

शनिवार, मलकापूर

माघ महिना, कारखाने जोरात. कुंडलपासून शेणोलीपर्यंत उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॉल्या यांच्या मधून वाट काढायची म्हणजे अर्धी शर्यत तिथेच झाली. पाचटाचा धूर, मळीचा वास. आम्हाला तो वास लागत नाही. तो नसला की मात्र कळतं.

कराडला लागून मलकापुरात हायवेच्या कडेला माझ्या नामदेवमामाचं गॅरेज आहे. फॉर्मबरोबर यादी आली होती: हेल्मेट, चालकाचा पट्टा, बॅटरी घट्ट बांधलेली, दिव्यांच्या काचांवर चिकटपट्टी, आणि गाडी उलटली तर डोकं वाचावं म्हणून सीटमागे वाकवलेल्या जाड पाइपची कमान. ती कमान मामानं आधीच बनवून ठेवली होती, बोअरच्या पायपाची. ताडपत्रीचं टप उतरवलं, वजन कमी व्हावं म्हणून मागचे दोन्ही बाक खोलले आणि कमान वेल्डिंग करून बसवली.

मामा दादांना म्हणाला, "जयभीम दाजी. पोरगीला शर्यतीला न्यायची का सासरला धाडायची, एकदा काय ते ठरवा."

"आधी शर्यत," दादा म्हणाले. "सासर काय, शनिवार-रविवारात उरकत न्हाई."

मामीनं भाकरी, खर्डा आणि वांग्याचं भरीत फडक्यात बांधून दिलं. मामानं बॅटरी सायकलच्या ट्यूबनं अशी आवळली की पुढे तपासणीवाल्यांनाही ती हलवता आली नाही.

हायवेला

आता माझ्या मूर्खपणाची पूर्वतयारी सांगते.

उंब्रजच्या पुढे रस्त्याकडेला एक माणूस हात वर करून उभा. दादा म्हणाले, "थांब."

"दादा, आपण शर्यतीला चाललोय."

"मग? त्येबी वाटंतच हाय की."

थांबले. बाक नव्हते, तर तो गडी हत्यारांच्या पेटीवर बसला. पुढे आणखी एक हात, मग एक नवरा-बायको. साताऱ्यात येईपर्यंत शर्यतीच्या गाडीत चार प्रवासी झाले. साताऱ्यात कंदी पेढे घेतले. आमच्याकडचा पेढा पांढरा, तोंडात टाकला की गेला. इथला खरपूस, तपकिरी, चावून खायचा. मला हाच आवडला. जे लगेच विरघळतं त्याची मला फार किंमत वाटत नाही.

साताऱ्याला ती माणसं उतरली. भुईंजला परत हात. या वेळी एक म्हातारी, नऊवारी लुगडं, काखेत पिशवी आणि पिशवीतून बाहेर काढलेलं कोंबडीचं डोकं. नाव सखूबाई. शिरवळला लेक बाळंत झाली होती, तिच्यासाठी कोंबडी. स्टेपनीच्या चाकावर बसून तिनं मामानं केलेली कमान पकडली.

"ही कडी बरी केलीया गं धराय," म्हणाली. "एसटीत असली कडी असती तर मी दोनदा पडले नसते."

खंबाटकीच्या घाटात ट्रकांची रांग मुंगीच्या पायांनी चढत होती. आम्ही दुसऱ्या गिअरवर. सखूबाई मागून प्रत्येक वळणाला "सावकाश गं बया" म्हणायची, आणि मग लगेच, "म्होरल्या ट्रकाला घाल की मागं!" घाट उतरलो आणि रान बदललं. ऊस नाहीच. ज्वारीची उभी ताटं, पिवळं गवत, दगडाचे उघडे डोंगर. कृष्णाकाठच्या माणसाला हे रान आधी उपाशी वाटतं. नंतर वाटतं, इथे कुणी कुणाच्या पाण्यावर उभं नाही. जे आहे ते स्वतःच्या जोरावर.

शिरवळचा माळ

शिरवळच्या अलीकडे कारखान्यांसाठी आखून ठेवलेला मोठा माळ आहे. रस्ते झालेत, कारखाने अजून यायचेत. त्या डांबरी रस्त्याचा एक तुकडा आणि मग मुरुमाचा लांब वळसा, असं साधारण किलोमीटरभराचं रिंगण. कडेला चुन्याच्या रेघा आणि जुनी टायरं.

तपासणीच्या तंबूसमोर गाडी उभी केली. पहिल्यांदा उतरली सखूबाई. मग पिशवी. मग पिशवीतली कोंबडी ओरडली.

तपासणीवाले साहेब चष्म्यावरून बघत राहिले. "ही सगळी तुमची टीम का?"

"न्हाई, भुईंजला चढल्याली," दादा म्हणाले.

साहेबांनी बॅटरी ओढून बघितली, कमानीवर हातोडी मारून बघितली, ब्रेक बघितले. सगळं पास. मग डॅशबोर्डवरच्या बुद्धाच्या छोट्या मूर्तीकडे बोट केलं. "सैल वस्तू चालत नाही. उडून लागते." दादांनी मूर्ती रुमालात गुंडाळून छातीच्या खिशात ठेवली. मग साहेबांचं बोट काचेवरच्या 'पलूस-कुंडल-ताकारी' या अक्षरांकडे गेलं.

"हे सैल नाही," मी म्हणाले. "रंगानं लिहिलंय."

साहेब हसले. ते राहिलं.

वर्ग कसे असतात ते आता सांगते, कारण सगळं भांडण त्यावरूनच झालं. फळ्यावर खडूनं लिहिलं होतं. पहिला वर्ग आठशे सीसीपर्यंतच्या छोट्या गाड्यांचा. त्या टोळासारख्या उडतात, वळणावर मागचं एक चाक हवेत. दुसरा चौदाशेपर्यंतच्या गाड्यांचा, त्यात जुन्या पद्मिनी बऱ्याच. त्यांचे मालक बॉनेटवर डोकं टेकवून इंजिनाचा आवाज ऐकत बसलेले, डॉक्टरसारखे. तिसरा पेट्रोल जिप्सी आणि पेट्रोल जीपचा, पुण्याच्या लोकांचा. त्यांच्याकडे तंबू, घडीच्या खुर्च्या, बर्फाच्या पेट्या. चौथा डिझेल जीपचा. डिझेल जीप जड, पिकअप उशिरा घेते, पण मुरुमात रुतत नाही, म्हणून तिला स्वतंत्र वर्ग. ते मला पटलं. म्हशीला घोड्याबरोबर पळवू नये. पाचवा महिलांचा. त्यात गाडी कुठलीही चालेल.

म्हणजे पहिल्या चार वर्गांत गाडी कसली ते बघायचं, आणि पाचव्यात आत कोण बसलंय ते बघायचं. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं, पण बोलले नाही. पाहुणी होते.

दहा मिनिटांत पाहुणी राहिले नाही. फळ्याशेजारी एक टंकलेला कागद लावला गेला: महिलांच्या वर्गात दोनच प्रवेशिका आल्यामुळे वर्ग रद्द.

दुसरी प्रवेशिका पुण्याच्या रोहिणीताईंची, पेट्रोल जिप्सीवाल्या. त्या तोच कागद दुसऱ्यांदा वाचत होत्या. तेवढ्यात शर्यतीचे प्रमुख आले. पांढरी टोपी, गळ्यात दोन घड्याळं. बोलणं अगदी मऊ.

"तुम्ही दोघी नाराज होऊ नका. उद्या बक्षीस समारंभात पुष्पगुच्छ द्यायला तुम्हीच. शिवाय रिंगणाची एक फेरी उघड्या जीपमधून, प्रेक्षकांना हात दाखवत. छान दिसेल."

"मी हात दाखवायला पलूसहून आले नाही," मी म्हणाले. "माझी गाडी डिझेल जीप आहे. डिझेल वर्गात घ्या."

"बाई, तो पुरुषांचा वर्ग आहे."

"फळ्यावर तसं लिहिलेलं नाही."

"असं लिहायची गरज नसते."

"मग महिलांचा तेवढा लिहायची गरज का पडली?"

बाजूला चार-पाच डिझेलवाले उभे होते. त्यातला एक धनाजी, कराडकडचा ऊसवाला, कपाळावर गॉगल, बैलगाड्यांच्या शर्यतीतही नाव कमावलेला. तो म्हणाला, "साहेब, घ्या की. तेवढंच कोणतरी पायजे आमच्या मागं."

सगळे हसले.

"कोण कुणाच्या मागं ते उद्या बघू," मी म्हणाले.

प्रमुखांनी खिशातून नियमांची पुस्तिका काढून माझ्या हातात ठेवली. "यात बसत असेल तर दाखवा." त्यांना वाटलं असावं, इंग्रजी पुस्तिका बघून बाई गप्प होईल.

मी जीपच्या मडगार्डवर बसून पहिल्या पानापासून वाचायला लागले. कॉलेजात पुस्तकं अशीच वाचलीत, ग्रंथालय बंद व्हायच्या आत, दुसऱ्याच्या कार्डावर. सातव्या पानावर सापडलं: चालक म्हणजे वैध परवाना असलेली व्यक्ती. 'व्यक्ती' लिहिलं होतं, 'पुरुष' नाही. अकराव्या पानावर: एखाद्या वर्गात तीनपेक्षा कमी प्रवेशिका आल्यास तो रद्द होईल, आणि त्या स्पर्धकांना गाडी ज्या दुसऱ्या वर्गात बसते त्यात जाण्याची मुभा राहील. आणि अगदी शेवटच्या पानावर बारीक अक्षरात: तक्रार लेखी द्यावी, सूचना लावल्यापासून अर्ध्या तासात.

"दादा, किती वाजले?"

"चार पंचवीस."

कागद चार वाजून दहा मिनिटांनी लागला होता. बॉनेट तापलेलं, त्यावर कागद धरवेना, तर खाली पेढ्यांचा पुडा ठेवला आणि इंग्रजीत अर्ज लिहिला. पान नंबर, कलम नंबर, सगळं. रोहिणीताई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "मीही सही करू?" त्यांनी विचारलं. त्यांच्यासाठी पेट्रोल वर्गाची ओळ घातली. चार सदतीसला अर्ज प्रमुखांच्या हातात दिला आणि पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर वेळ टाकून सही मागितली. त्यांनी दोनदा वाचला. मग तपासणीवाल्या साहेबांकडे बघितलं.

तपासणीवाले म्हणाले, "गाडी पास आहे. कलम बरोबर आहे. मी काय बोलणार?"

फळ्यावर डिझेल वर्गाखाली पाच नावं होती. सहावं माझं लिहिलं गेलं. खडू मोडेल इतक्या जोरात लिहिलं, पण लिहिलं.

मुक्काम कुठे करायचा हा प्रश्न सखूबाईनं सोडवला. ती अजून गेलीच नव्हती. भांडण बघत उभी होती. "लेकीच्या घरी चला," म्हणाली. "कोंबडी एवढी मोठी हाय, बाळंतीण एकटी काय खाणार?" रस्सा पातळ होता, आमच्यापेक्षा तिखट कमी, पण भाकरी आमच्यापेक्षा मोठी आणि चुलीवरची. तिनं आमचं आडनाव विचारलं नाही. सकाळी दादांनी खिशातली मूर्ती काढून खिडकीत ठेवलेली तिनं बघितली. आम्ही दोघंही ती काय म्हणते याची वाट बघत होतो. तिनं मूर्ती उचलून आतल्या फळीवर ठेवली. "उन्हात ठिवू नगा," म्हणाली, "रंग उडतोय."

रविवार

माळावर गर्दी झाली होती. ऊस सोडून आलेली, लग्नं सोडून आलेली. भेळ, उसाचा रस, लाउडस्पीकर. डिझेल वर्गाच्या सहा जीपांचे दोन गट केले, तिघांचा एक. प्रत्येक गटाला दोनदा पळवणार, दोन्हींतली चांगली वेळ धरणार, आणि चांगल्या वेळेचे चौघे फायनलला. माझ्या गटात धनाजी होताच.

झेंडा पडला. पहिल्या डांबरी तुकड्यावर धनाजी पुढे, मी दुसरी, तिसरा मागे. मुरुमात उतरलो तेव्हा धुरळ्यात धनाजीचा फक्त मागचा लाल दिवा दिसत होता. पहिली फेरी, दुसरी फेरी. गाडी छान धरत होती. वडापच्या रस्त्यावर खड्डे चुकवून शिकलेली मी, मला मुरुमाची भीती नाही. तिसऱ्या फेरीत मोठ्या वळणावर, जिथे बाभळ आहे, तिथे वेग कमी न करता आत शिरायचं असं ठरवलेलं.

बाभळीखाली, अगदी चुन्याच्या रेघेजवळ, सखूबाई उभी होती. हात उंच वर करून.

मी ब्रेक दाबला.

विचार करून नव्हे. रस्त्याकडेला हात दिसला की माझा उजवा पाय आपोआप जातो. जीप घसरत जाऊन बरोबर सखूबाईच्या समोर थांबली. अगदी सवयीनं. दार असतं तर उघडलंही असतं.

सखूबाई ओरडली, "अगं थांबतीस कशाला? मला कुठं जायाचं न्हाई!"

लाउडस्पीकरवाल्यानं संधी सोडली नाही. "सहा नंबरची जीप प्रवासी घेण्यासाठी थांबली आहे!" सगळा माळ हसला. तिसरी जीप बाजूनं निघून गेली. मी पुन्हा पहिला गिअर टाकेपर्यंत सगळं संपलं होतं. त्या गटात शेवटची आले, आणि शेवटची म्हणजे फार शेवटची.

तंबूजवळ आले तर धनाजी चहा पीत होता. "ओ बाई, आमालाबी ताकारीपातूर सोडा की. पुढच्या शिटावर बसवा."

"पुढच्या सीटवर मी बायकाच बसवते," मी म्हणाले. पण आतून मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. काल एवढं भांडून आत शिरले, कलमं दाखवली, आणि आज त्या सगळ्यांना हवं होतं तेच मी माझ्या पायानं त्यांना दिलं होतं. प्रमुख लांबून बघत होते. चेहऱ्यावर "मी म्हणालो नव्हतो?" असं.

दादांकडे बघायची हिंमत होईना. ते म्हणाले, "ब्रेक चांगला लागतोय."

"दादा!"

"मग काय सांगू? त्या पायाला शिव्या घालू नगंस. त्या पायानं घर चालतंय." चहाचा ग्लास ठेवला आणि ते बाभळीकडे चालत गेले. वाटेत कुणाकुणाशी काही बोलत होते. काय ते मला ऐकू आलं नाही.

तासाभरानं आमच्याच गटाची दुसरी पाळी. मी ठरवलं होतं, बाभळीकडे बघायचंच नाही. पण वळण तिथेच, बघावं लागतंच. धुरळ्यातून आत शिरले आणि बघितलं.

वळणाच्या दोन्ही बाजूला शे-दीडशे माणूस उभा होता, आणि एकाचाही हात दिसत नव्हता. सगळ्यांनी हात पाठीमागे बांधलेले, प्रार्थनेला उभ्या असलेल्या पोरांसारखे. एकाच्या हातात उसाचं कांडं होतं, तेही त्यानं पाठीमागे धरलेलं. सखूबाईनं दोन्ही हात पदराखाली घेतले होते. मधोमध दादा, फौजेतल्यासारखे ताठ. कुणी ओरडतसुद्धा नव्हतं. बहुतेक तेही बंद केलं होतं.

मी ब्रेकला पाय लावला नाही. तिसऱ्या गिअरवर तशीच वळले. प्रत्येक फेरीत ते वळण आलं, आणि प्रत्येक फेरीत ती माणसं हात बांधून उभी. वेळ लागली ती सहांत चौथी. फायनल मिळाली.

फायनलबद्दल जे झालं तेच लिहिते. चार जीपा. पहिल्याच फेरीत, डांबर संपून मुरूम लागतो तिथल्या पायरीवर एकीचा एक्सल गेला. दुसरी वळणावर गोल फिरली आणि तोंड उलटं करून बंद पडली. म्हणजे मला दोन जागा आयत्या मिळाल्या. त्याची बढाई मारणार नाही. पण धनाजीच्या मागे शेवटच्या तीन फेऱ्या मी होते, आणि तो मागे बघत होता. जिंकणारा माणूस मागे बघतो तेव्हा मागच्याला काय वाटतं ते मला त्या दिवशी कळलं. शेवटच्या वळणावर मी बाहेरून घातली. मुरूम सैल होता, मागचं चाक गेलं, सरळ करेपर्यंत एक जीपभर अंतर पडलं. तेवढ्यानंच तो जिंकला.

रेघ ओलांडली तेव्हा सगळ्या माळानं हात वर केले. तासभर बांधून ठेवलेले हात ते. एवढे हात मी एका वेळी कधी बघितले नव्हते, आणि मी थांबले नाही. पन्नास फूट पुढे जाऊन, मग थांबले.

धनाजीच्या माणसांनी गुलाल आणला होता, बैलगाड्यांना असतो तसा. तो स्वतः चालत आला, मूठभर गुलाल आमच्या बॉनेटला फासला. "वडाप," म्हणाला, "लय घाम काढलास गड्या." मला गड्या म्हणाला. मी ते दुरुस्त केलं नाही.

बक्षीस

संध्याकाळच्या उन्हात टेबलं मांडली. आठशेचा, चौदाशेचा, पेट्रोलचा चषक झाला. रोहिणीताई पेट्रोल वर्गात शेवटच्या आल्या होत्या, आणि धुळीनं माखून इतक्या खूष होत्या की जिंकलेला शेजारी ओशाळा दिसत होता. डिझेलचा चषक धनाजीला. मग प्रमुखांनी एक वेगळा चषक उचलला. नक्षीचा, फुलं कोरलेला.

"आणि आता महिला वर्गाचा विशेष चषक, दोघींना विभागून!"

टाळ्या वाजल्या. रोहिणीताईंनी माझ्याकडे बघितलं. मी पुढे गेले, पण चषकाला हात लावला नाही.

"साहेब, महिलांचा वर्ग काल रद्द झाला. तुमच्याच सहीचा कागद आहे. न झालेल्या वर्गाचं बक्षीस मी घेऊ शकत नाही. मी डिझेल वर्गात दुसरी आले, त्याचं प्रमाणपत्र द्या."

"अहो, चषक घ्या की. प्रमाणपत्र नुसता कागद असतो."

"मला कागदाची किंमत माहीत आहे. आमच्या घरात पहिला कागद मीच आणलाय."

रोहिणीताई मागून म्हणाल्या, "मलाही नको."

मग गर्दीतून सखूबाईचा आवाज आला, "द्या की वं तिचं तिला!" आणि लोक हसले, पण या वेळी माझ्याकडे बघून नाही.

प्रमाणपत्र निघालं. दुसरा क्रमांक, डिझेल वर्ग. नावाच्या जागी आधीच 'श्री.' छापलेलं. प्रमुख म्हणाले, नवीन छापून पोस्टानं पाठवतो. मी म्हणाले, आत्ताच करू. त्यांच्याच पेनानं 'श्री.' वर एक रेघ मारली, पुढे 'कु.' लिहिलं आणि सहीसाठी कागद त्यांच्याकडे फिरवला. त्यांनी सही केली. वर एक शब्द बोलले, "अक्षर चांगलं आहे तुमचं." ते त्यांनी मनापासून म्हटलं असावं. मी आभार मानले.

परत

सखूबाई लेकीकडे राहिली. निघताना तिनं हात वर केला, आणि मी मुद्दाम थांबले. "आता कशाला थांबलीस?" म्हणाली. "सवय," म्हणाले. मूर्ती पुन्हा डॅशबोर्डवर गेली. गुलाल बॉनेटवर तसाच. पुढच्या स्प्रिंगचा एक पाटा थोडा कुरकुरत होता. मलकापूरला मामा तो बघून बाक आणि टप परत बसवणार होता, आणि सकाळी साडेसातला गाडी स्टँडवर लागणार होती. मोडकी नाही, गेली तशी. जरा लाल.

खंबाटकीच्या पायथ्याला एक कुटुंब हात वर करून उभं. नवरा, बायको, दोन बोचकी. या वेळी दादांना 'थांब' म्हणावं लागलं नाही. मी थांबले.

नवऱ्यानं आत वाकून बघितलं, मागे सरकला. "बाई चालवतीया व्हय? घाटात?"

दोन दिवसांत दादांनी माझ्या कौतुकाचा एक शब्द कुणाला सांगितला नव्हता. ते सीटवरून न हलता म्हणाले, "डिझेल वर्गात दुसरी आलीया. बसायचं असंल तर बसा, न्हाईतर एसटी यील मागनं."

बायकोनं बोचकं आत टाकलं आणि कमान धरून नवऱ्याच्या आधी चढली. मी पहिला गिअर टाकला.